वर्गातील न्याय

न्याय हा शब्द उच्चारला की आपल्या डोळ्यांपुढे कोर्ट उभे राहते. काळे डगले, साक्षीपुरावे आणि तारखांमागून तारखा. परंतु आपल्यापैकी बहुतेकांचा कोर्टाशी संबंध आयुष्यात फारसा येत नाही, आणि तो न यावा अशीच आपली इच्छा असते. न्यायाची आणि अन्यायाची माणसाला पहिली ओळख होते ती वेगळ्याच जागी. सहाव्या वर्षी मूल शाळेत जाऊन बसते. कोण कोठे बसले, गुरुजींनी कोणाला नावाने हाक मारली आणि कोणाला नुसते 'ए' म्हटले, कोणाचे उत्तर शेवटपर्यंत ऐकून घेतले आणि कोणाचे मध्येच तोडले, हे सारे ते पाहत असते. त्यावरून जगाविषयीचा त्याचा पहिला ग्रह बनतो. पुढे नागरिकशास्त्राच्या पुस्तकात समतेवर कितीही धडे आले तरी हा ग्रह सहसा पुसला जात नाही.

तेव्हा शिक्षकाने वर्गात न्याय कसा राखावा आणि हा वर्ग आपला आहे असे प्रत्येक मुलाला कसे वाटावे, हा प्रश्न एकट्या शिक्षकवर्गाचा नाही. तो आपणा सर्व गावकऱ्यांचा आहे. ह्या प्रश्नाला एक ठरावीक उत्तर दिले जाते : 'मास्तर मनाने चांगला असला की झाले.' हे उत्तर खोटे नाही, पण अपुरे आहे. आमचे म्हणणे थोडक्यात असे, की वर्गातील न्याय शिक्षकाच्या चांगल्या मनापेक्षा त्याने लावलेल्या रोजच्या रीतींवर अधिक अवलंबून असतो. मन चांगले आणि रीत वाईट, असे असेल तर मूल बाहेरच राहते. असे आम्ही का म्हणतो, हे आपल्याच इतिहासातील एका उदाहरणावरून स्पष्ट होईल.

गोणपाट आणि भाकरी

७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी शाळेत एका मुलाचे नाव इंग्रजी पहिलीत दाखल झाले. तो मुलगा म्हणजे पुढचे डॉ. बाबासाहेब आंबेडकर. महाराष्ट्रात हा दिवस आता विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. बाबासाहेबांनी आपल्या शालेय जीवनाच्या आठवणी लिहून ठेवल्या आहेत. त्यांना वर्गात इतर मुलांमध्ये बसता येत नसे. एका कोपऱ्यात, गोणपाटाच्या तुकड्यावर बसावे लागे. शाळा झाडणारा नोकर त्या गोणपाटाला शिवत नसे, म्हणून ते रोज संध्याकाळी घरी न्यायचे आणि सकाळी पुन्हा आणायचे. तहान लागली तर नळाला हात लावण्याची मुभा नव्हती. शिपायाने नळ सोडला तर पाणी, शिपाई नसला तर पाणी नाही.

त्याच दिवसांतील आणखी एक आठवण बाबासाहेब सांगत असत. त्यांचे एक शिक्षक मधल्या सुट्टीत आपल्या डब्यातील भाजी-भाकरी त्यांना देत. त्या भाकरीची गोडी ते जन्मभर विसरले नाहीत.

ह्या दोन आठवणी शेजारी शेजारी ठेवून पाहाव्यात. त्या भाकरीची किंमत आम्ही तिळमात्र कमी करीत नाही. ज्या काळात शिवण्याचा विटाळ होता, त्या काळात आपल्या डब्यातील घास देणे ही साधी गोष्ट नव्हे. परंतु भाकरी एका माणसाच्या मनातून आली होती, आणि गोणपाट शाळेच्या रीतीतून आले होते. मास्तरांची बदली झाली असती तर भाकरी त्यांच्याबरोबर गेली असती; गोणपाट मात्र कोपऱ्यात पडूनच राहिले असते. दयाळू शिक्षक असूनही गोणपाट हलले नाही, ही गोष्ट शिक्षणाचा विचार करणाऱ्या प्रत्येकाने मनात धरून ठेवावी अशी आहे.

ज्यांनी हे गोणपाट हलविले, त्यांनी रीतच बदलली. १८५६ साली धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाला प्रवेश नाकारला गेला. त्याने मुंबई सरकारकडे अर्ज केला. सरकारने तक्रार खरी मानली, पण ह्या एका मुलाला घेतले तर बाकीची मुले शाळा सोडतील, असे कारण सांगून हात वर केले. उलट, त्याच्या आठ वर्षे आधी, म्हणजे १८४८ साली, जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात मुलींची शाळा काढून दाखविली होती. १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन देताना जोतीरावांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे असे तर सांगितलेच. शिवाय शिक्षक शेतकरी वर्गांतून तयार करावेत, म्हणजे ते मुलांत मोकळेपणाने मिसळतील आणि त्यांच्या गरजा त्यांना कळतील, असेही सांगितले. वर्गात शिक्षक मुलांपासून अंतर राखून बसतो ही गोष्ट त्यांनी सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वीच हेरली होती. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले आणि १९१९ साली अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून सर्व मुलांना एकाच शाळेत बसविण्याचा हुकूम काढला. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह काढले, तेथे सर्व जातींची मुले एकत्र स्वयंपाक करीत आणि एका पंगतीला जेवत. शाळेत, पंगतीत, पाण्यापाशी कोणी कोठे असावे, हे ह्या सर्वांनी नव्याने ठरविले. मने बदलण्याची वाट पाहत ते बसले नाहीत.

आज कायदा स्पष्ट आहे. राज्यघटनेच्या सतराव्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट केली. १ एप्रिल २०१० पासून अमलात आलेल्या शिक्षणहक्क कायद्याने सहा ते चौदा वर्षे वयाच्या प्रत्येक मुलाला मोफत शिक्षणाचा हक्क दिला, शाळेत भेदभाव होऊ न देण्याची जबाबदारी सरकारवर टाकली, आणि मुलाला मारण्यास व त्याचा मानसिक छळ करण्यास बंदी केली. उघड गोणपाट गेले. परंतु गोणपाट नसतानाही मूल कोपऱ्यात बसू शकते. ते कसे, आणि शिक्षकाच्या हाती त्यावर काय उपाय आहेत, ते आता पाहू.

बैठक

वर्गात शिरल्याबरोबर नजर बाकांवर टाकावी. अनेक वर्गांत मुले बसतात ती आपापल्या ओळखीने. वाड्यातली वाड्यातल्यांजवळ, वस्तीवरची वस्तीवरच्यांजवळ. मग हुशार म्हणून गणलेली पुढे येतात आणि 'ढ' म्हणून गणलेली मागे जातात. 'ढ' हे अक्षर आपल्या वर्णमालेत आहे ते ढगासाठी आणि ढोलासाठी. आपण ते मुलांच्या पाठीवर चिकटविले. काही शाळा ह्याच्याही पुढे जातात आणि गुणांप्रमाणे तुकड्याच पाडतात. एकदा 'ड' तुकडीत गेलेले मूल पुन्हा 'अ' तुकडीत आलेले फारसे दिसत नाही, कारण त्या तुकडीकडून काही अपेक्षाच कोणी ठेवीत नाही.

ह्यावरचा उपाय अगदी साधा आहे. दर सोमवारी पहिली रांग शेवटी जावी आणि बाकीच्या एकेक रांगेने पुढे याव्यात. बाकावरचे जोडीदारही बदलावेत. ज्याला फळा नीट दिसत नाही किंवा ऐकू कमी येते, त्याची पुढची जागा तेवढी कायम ठेवावी. असा फिरता क्रम लावला की कोणाच्या शेजारी कोण, हा प्रश्न कोणाच्या कृपेचा राहत नाही. तो सोमवारचा प्रश्न होतो.

शेजारी बसविणे ही झाली पहिली पायरी. दुसरी पायरी म्हणजे एकमेकांची गरज भासविणे. अमेरिकेत टेक्सास संस्थानातील ऑस्टिन शहरी १९७१ साली काळी, गोरी आणि मेक्सिकन वंशाची मुले प्रथमच एका वर्गात आली आणि वर्गांत भांडणे सुरू झाली. एलियट अ‍ॅरन्सन ह्या मानसशास्त्रज्ञाने एक युक्ती काढली. मुलांचे लहान गट करायचे, धड्याचे तितकेच तुकडे करायचे आणि प्रत्येक मुलाला एकच तुकडा द्यायचा. स्वतःचा तुकडा त्याने वाचून इतरांना समजावून सांगायचा. संपूर्ण धडा कळायचा असेल तर प्रत्येकाचे ऐकावेच लागते. ज्याला कोणी विचारीत नव्हते, त्याच्या तोंडाकडे सगळे पाहू लागले. आपल्या वर्गात इतिहासाचा किंवा भूगोलाचा कोणताही पाठ असा चार-पाच तुकड्यांत सहज वाटता येतो. त्याला पैसाही लागत नाही.

प्रश्न कोणाला?

आम्हीही काही वर्षे खडू हातात धरला आहे, आणि आपण सगळ्या मुलांना सारखेच प्रश्न विचारतो अशी आमची ठाम समजूत होती. एकदा एका सहकाऱ्याला आम्ही वर्गाच्या मागे बसविले, हाती वर्गाचा नकाशा दिला आणि सांगितले, आम्ही ज्याला प्रश्न विचारू त्याच्या जागी एक टिंब द्या. तास संपल्यावर नकाशा पाहिला आणि आम्ही ओशाळलो. सारी टिंबे पहिल्या दोन रांगांत आणि मधल्या वाटेच्या दोन्ही कडांना दाटली होती. खिडकीकडची मागची बाजू कोरी होती. मुलींच्या बाजूला टिंबे होती, पण ती वाचून दाखविण्यासाठी. गणित मात्र आम्ही मुलांना घातले होते. त्यात आमचा कसलाही हेतू नव्हता, आणि कोऱ्या बाजूच्या मुलांना आमच्या हेतूचा काही उपयोगही नव्हता.

तेव्हापासून आम्ही सर्व मुलांची नावे लिहिलेल्या चिठ्ठ्या एका डब्यात ठेवू लागलो. प्रश्न आधी विचारायचा, मग चिठ्ठी काढायची. नाव आधी घेतले की बाकीचे सुटतात; प्रश्न आधी आला की सगळ्यांना विचार करावा लागतो.

आणि प्रश्न विचारल्यावर थांबावे. अमेरिकेतील मेरी बड रो ह्या संशोधिकेने १९७०च्या सुमारास शिक्षकांचे तास ध्वनिमुद्रित करून मोजले. प्रश्न विचारल्यापासून उत्तराची अपेक्षा सोडीपर्यंत शिक्षक सरासरीने एक सेकंदच थांबतात, असे त्यांना आढळले. तेच शिक्षक तीन सेकंद थांबू लागले तेव्हा उत्तरे लांबली, 'ठाऊक नाही' कमी झाले, आणि ज्यांच्याकडून काही येईल असे शिक्षकांना वाटतच नव्हते, ती मुले बोलू लागली. ज्याच्या घरी वर्गाची भाषा बोलली जात नाही, त्याला उत्तर आधी मनात जुळवावे लागते. त्याच्यासाठी दोन सेकंद म्हणजे फार मोठी देणगी आहे.

'पानी' आणि पाणी

भाषेचा विषय निघालाच आहे, तर त्यावर थोडे थांबले पाहिजे, कारण मराठी वर्गात मुलाला बाहेर ढकलण्याचे सर्वांत सोपे साधन भाषा हेच आहे. मूल उभे राहते, 'पानी' म्हणते, आणि वर्ग खो खो हसतो. शिक्षकही हसत हसत 'पाणी म्हण, पाणी' असे म्हणतात. मूल खाली बसते. त्या दिवशी ते 'ण' शिकत नाही. आपल्या आईचे बोलणे हसण्यासारखे आहे, एवढेच शिकते. पुढे ते वर्गात तोंड उघडत नाही आणि शिक्षक शेरा लिहितात : 'अबोल.'

ग्रंथांची मराठी प्रत्येक मुलाला आली पाहिजे, ह्याविषयी आमच्या मनात संदेह नाही. ती न येणे हाही अन्यायच, कारण नोकरीच्या आणि कचेरीच्या दारात तीच विचारली जाते. परंतु घरच्या बोलीची लाज वाटायला लावून ती येत नाही. फळ्याचे दोन भाग करावेत. एका बाजूला पुस्तकातील शब्द, दुसऱ्या बाजूला मुलांच्या घरचे शब्द. 'तुमच्याकडे ह्याला काय म्हणतात?' असे विचारावे. वऱ्हाडी, अहिराणी, मालवणी, कोल्हापुरी असे चार शब्द फळ्यावर आले की पुस्तकातील शब्द हा त्यांतलाच एक ठरतो, आणि तो शिकण्यात कमीपणा वाटत नाही.

काही मुलांची अडचण याहून खोल आहे. मेळघाटात कोरकू बोलतात, गडचिरोलीच्या रानात गोंडी बोलतात. कोरकू ही मुंडा कुळातील भाषा, गोंडी द्राविडी कुळातील. मराठीशी त्यांचे नाते उच्चारभेदाचे नाही. तेथील पहिलीच्या मुलाला मराठी पुस्तक म्हणजे परकी भाषा. त्याला 'मंद' म्हणणे म्हणजे आपणांस उद्या तमिळ पुस्तक देऊन मंद ठरविण्यासारखे आहे. शिक्षणहक्क कायद्यानेही शक्य तेथवर मातृभाषेतून शिकवावे असे म्हटले आहे. बाहेरून आलेल्या शिक्षकाने मुलांच्या भाषेतील शंभर शब्द, अंक आणि 'ये, बस, छान' एवढे जरी पहिल्या महिन्यात शिकून घेतले, तरी ते मूल शिक्षकाच्या जवळ येऊन उभे राहते, आणि मुलापाशी शिकणारा गुरुजी पाहून त्याच्या आईबापांनाही शाळा परकी वाटेनाशी होते.

यादीचे जाहीर वाचन

आता जी गोष्ट सांगणार आहोत, ती बहुतेक शाळांत निर्मळ मनाने केली जाते. शिष्यवृत्तीचे अर्ज येतात. शिक्षक वर्गात येऊन म्हणतात, 'अमुक जातीचे उभे राहा, नावे लिहून घ्यायची आहेत.' किंवा, 'पंचवीस टक्केवाले कोण आहेत?' मुलांचा फायदाच करून द्यायचा असतो. मग बिघडले कोठे?

उत्तर प्रदेशातील खेड्यांत कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे यांनी केलेला एक प्रयोग २००४ साली प्रसिद्ध झाला. वरच्या आणि खालच्या गणलेल्या जातींच्या सहाशेहून अधिक शाळकरी मुलग्यांना कागदावरची भुलभुलैयाची कोडी सोडवायला दिली, आणि सुटलेल्या कोड्यांप्रमाणे पैसे दिले. जातीचा उल्लेख केला नाही तेव्हा दोन्हीकडच्या मुलांनी सारखीच कोडी सोडविली. परंतु प्रत्येकाचे नाव जातीसकट सर्वांसमोर वाचून दाखविले, तेव्हा खालच्या गणलेल्या जातींच्या मुलांची सुटलेली कोडी लक्षात येण्याइतकी घटली. मुले तीच, बुद्धी तीच, कोडीही तशीच. मध्ये फक्त एक जाहीर वाचन झाले होते.

म्हणून ही कामे वर्गात मोठ्याने करू नयेत. अर्ज बंद पाकिटातून पालकांकडे पाठवावेत, किंवा मुलाला एकट्याला बोलावून द्यावेत. हजेरीपटात जातीचा रकाना असेल तर तो पट मुलांच्या हाती देऊ नये. मुलग्यांची नावे आधी आणि मुलींची शेवटी, हा क्रमही सोडून अक्षरानुक्रमे हजेरी घ्यावी.

यादी कागदावरच असते असे नाही. एखाद्या मुलाची पेन्सिलपेटी हरवते आणि वर्गाच्या माना आपोआप पारध्याच्या मुलाकडे वळतात. १८७१ साली इंग्रज सरकारने काही जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरविणारा कायदा केला. स्वतंत्र भारताने १९५२ साली तो रद्द केला. कायदा गेला, तरी माना वळतात. अशा वेळी शिक्षकाने त्या एकाच मुलाचे दप्तर तपासले, तर वर्गाने दिलेल्या निकालावर शिक्षकाची सही होते. एकट्याचे दप्तर कधीही उघडायचे नाही, हा नियम वर्षाच्या पहिल्या दिवशीच सांगून ठेवावा.

उत्तरपत्रिका

आपण गुण देताना नाव पाहत नाही, असे प्रत्येक शिक्षकाला वाटते. रेमा हॅना आणि ली लिंडेन यांनी भारतातील एका शहरात हे तपासून पाहिले. त्यांचा निबंध २०१२ साली प्रसिद्ध झाला. मुलांच्या उत्तरपत्रिकांवर जात वगैरे माहिती चिठ्ठ्या टाकल्यासारखी कशीही लिहून त्या शिक्षकांकडून तपासून घेतल्या. खालच्या गणलेल्या जातीचे नाव पडलेल्या उत्तरपत्रिकांना थोडे कमी गुण मिळाले. फरक मोठा नव्हता, पण तो होता. दोन गोष्टी मात्र विशेष ध्यानात घेण्यासारख्या आहेत. एक म्हणजे, असा फरक करण्यात खालच्या गणलेल्या जातींतील शिक्षकच पुढे होते. तेव्हा बोट दुसऱ्याकडे दाखवायला कोणालाही जागा नाही. दुसरी अशी, की फरक दिसला तो आधी तपासलेल्या उत्तरपत्रिकांत, म्हणजे गुण कसे द्यावेत हे शिक्षकाच्या मनात पक्के झालेले नसताना. मोजमाप सैल असते तेव्हा तेथे नाव शिरते.

यावरून उपाय आपोआप सुचतो. तपासणीस बसण्यापूर्वी कोणत्या मुद्द्याला किती गुण, हे लिहून काढावे. नावाऐवजी क्रमांक घालावा. आणि एकेका मुलाची संपूर्ण उत्तरपत्रिका न तपासता, आधी सर्वांचा पहिला प्रश्न, मग सर्वांचा दुसरा, असे तपासावे.

केरसुणी, घागर आणि खिचडी

वर्गातील कामे कोण करते, हेही एकदा कागदावर लिहून पाहावे. केर मुली काढतात, घंटा मुलगा वाजवितो, पाहुण्यांना पाणी ठरावीक घरांतील मुले नेतात, आणि मुताऱ्या धुण्याची वेळ आली की ठरावीक वस्तीवरची मुले आठवतात. ह्यातील शेवटची गोष्ट तर कायद्याने गुन्हा ठरू शकते. कामांची पाळी हजेरीच्या क्रमाने लावून ती भिंतीवर चिकटवावी. वर्गप्रमुखाचे पदही महिन्यामहिन्याने फिरवावे.

दुपारच्या जेवणाचे तसेच. सर्वोच्च न्यायालयाने २००१ साली सरकारी प्राथमिक शाळांतील मुलांना शिजविलेले अन्न द्यावे असा आदेश दिला, आणि २००४ साली स्वयंपाकी नेमताना दलितांना प्राधान्य द्यावे असे सांगितले. ज्या देशात पंगत हाच जातीचा पहारा होता, त्या देशात रोज दुपारी लाखो मुले एका रांगेत बसून खिचडी खातात, ही केवढी मोठी गोष्ट आहे! तिचे मोल राखायचे असेल तर शिक्षकाने स्वतः त्या रांगेत मांडी घालून बसावे आणि तीच खिचडी खावी. त्या एका कृतीपुढे समतेवरचे व्याख्यान फिके पडते; आमचे हे व्याख्यानही.

सारखे देणे म्हणजे न्याय का?

'आम्हांला सगळी मुले सारखी', असे अनेक चांगले शिक्षक अभिमानाने म्हणतात. भावना उत्तम आहे. पण सर्वांना सारखेच दिल्याने सर्वांना सारखे मिळतेच असे नाही. ज्याला दिसत नाही त्यालाही फळाच दाखविला, तर त्याला काही दिले असे होत नाही. फळ्यावर लिहिताना तेच मोठ्याने म्हणावे. फळ्याकडे तोंड करून बोलू नये, कारण कमी ऐकू येणारे मूल ओठांकडे पाहून समजून घेत असते. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याने एकवीस प्रकारची दिव्यांगता मानली आहे. त्यांपैकी कित्येक प्रकार चेहऱ्यावर दिसत नाहीत. अक्षरे उलटसुलट लिहिणारे मूल आळशी असतेच असे नाही.

किंवा ऊसतोडणी कामगारांच्या मुलांचे पाहा. दिवाळीच्या सुमारास बीडसारख्या जिल्ह्यांतून बिऱ्हाडे निघतात आणि उन्हाळ्याच्या तोंडी परततात. परतलेल्या मुलाला 'पाच महिने कोठे होतास?' असे वर्गात विचारणे आणि बाकीच्यांच्या बरोबरीने चाचणीला बसविणे, हे दिसायला सारखे आहे आणि करायला क्रूर. शिक्षकाने जाण्यापूर्वीच त्याला पुस्तके व काय काय वाचावे ह्याची यादी द्यावी, गावात हंगामी वसतिगृह असेल तर पालकांना त्याची माहिती द्यावी, आणि मूल परत आल्यावर पहिले काही आठवडे एका वर्गमित्राशी त्याची जोडी लावावी. फडावर त्याने वजन, अंतर आणि मजुरी ह्यांचे हिशेब पाहिलेले असतात. गणिताच्या तासाला ते विचारावेत. मग वर्गाला कळते की हा पाच महिने नुसता गैरहजर नव्हता.

दोन शंका

येथे शिक्षक म्हणतील, साठ-साठ मुलांच्या वर्गात आम्ही हे करावे कधी? तक्रार रास्त आहे. शिक्षणहक्क कायद्याने प्राथमिक वर्गांत तीस मुलांमागे एक शिक्षक ठरविला आहे. तो मिळावा म्हणून शिक्षकाइतकेच नागरिकांनीही भांडले पाहिजे. मात्र वर सांगितलेल्या रीतींपैकी बहुतेकांना जादा वेळ लागत नाही. बाक फिरविणे, चिठ्ठ्यांचा डबा, तीन सेकंदांची वाट, कामाची पाळी, प्रश्नवार तपासणी. एकदा घडी बसली की ह्या गोष्टी आपोआप चालतात. मोठ्या वर्गात शिक्षकाचे लक्ष सगळीकडे पुरत नाही, म्हणूनच रीत अधिक हवी.

दुसरी शंका पालकांची असते, आणि ती सहसा चारचौघांत बोलली जात नाही. गरिबांची मुले शेजारी बसली तर आमच्या मुलांचे नुकसान होईल, अशी ती शंका आहे. दिल्लीत २००७ सालापासून काही श्रीमंत खाजगी शाळांना गरीब मुलांसाठी जागा राखणे भाग पडले. त्याचा परिणाम गौतम राव ह्या अर्थशास्त्रज्ञाने अभ्यासला; तो निबंध २०१९ साली प्रसिद्ध झाला. गरीब वर्गमित्र मिळालेली श्रीमंत मुले अधिक उदार झाली, आणि गरीब मुलांशी खेळण्यास व त्यांना आपल्या संघात घेण्यास कमी कचरू लागली. हिंदी आणि गणितात त्यांचे नुकसान झाले नाही; इंग्रजीत किंचित घट झाली आणि वर्गात थोडी दांडगाई वाढली, हेही सांगितले पाहिजे. आमच्या विषयाशी निगडित गोष्ट ह्यापुढे आहे. काही शाळांत अभ्यासाचे गट नावांच्या अक्षरानुक्रमे पाडलेले होते. ज्यांच्या गटात योगायोगाने गरीब मुले आली, ती मुले अधिक बदलली. एका छपराखाली बसण्याने जे थोडे होते, ते एका गटात काम केल्याने पुष्कळ होते. आणि गट पाडणे शिक्षकाच्या हाती असते.

तेव्हा शिक्षकांना आमची विनंती एवढीच, की ह्या जूनमध्ये शाळा उघडेल तेव्हा वरीलपैकी दोन रीती निवडाव्यात आणि वर्षभर चालवाव्यात. पालकांना विनंती अशी, की 'आमच्या बाळाला पुढच्या बाकावर बसवा' अशी चिठ्ठी शिक्षकांकडे पाठवू नये. त्या चिठ्ठीने दुसऱ्या कोणाचे तरी बाळ मागे जाते. आणि मूल घरी आले की 'आज काय शिकविले?' हे तर आपण विचारतोच. त्याबरोबर आणखी एक विचारावे : 'आज वर्गात कोण अजिबात बोलले नाही?' आपल्या मुलाला ते नाव सांगता आले, तर त्याने शेजाऱ्याकडे पाहायला सुरुवात केली आहे असे समजावे. आणि सांगता आले नाही, तर उद्या पाहून ये, एवढे त्याला सांगावे.